घोडीसाठी घेतलेली चाऱ्याची जाळी, तीन महिने वापरून

जाळीबद्दल लिहायच्या आधी ती का लागली ते सांगतो, नाहीतर म्हणाल दोरीच्या पिशवीला साडेपाचशे रुपये कशाला.

आमचं गाव निपाणीजवळ, वेदगंगेकाठी. दारात वरातीची एक घोडी, चांदणी. तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीपर्यंत तिनं चार वेळा पोट धरलं. पुढच्या पायानं जमीन उकरायची, मान वळवून कुशीकडं बघायचं आणि मग धाडकन लोळण. लीद बंद. पहिल्या वेळी गल्लीतल्या जाणत्यांचं ऐकून बैलाला पाजतात तसं बांबूच्या नळकांड्यानं गोडंतेल पाजलं. चिकोडीकडनं डॉक्टर आले, त्यांनी मला जे झापलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तेल फुप्फुसात उतरलं असतं तर पोटाच्या आधी त्यानंच गेली असती. त्यांनी नाकातून नळी घातली. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून जठरात काही तुंबलंय का ते आधी बघितलं आणि मग दोन लिटर लिक्विड पॅराफिन सोडलं. छातीचे ठोके मिनिटाला ५६ भरले. उभ्या, निवांत घोड्याचे २८ ते ४४ असतात म्हणे.

चौथ्या खेपेला डॉक्टर वैतागले. चार-पाच लेंड्या उचलून पारदर्शक पिशवीत टाकल्या, पाणी ओतलं, कालवलं आणि पिशवी खुंटीला एका कोपऱ्यावर तिरकी अडकवली. आमचा चहा होईस्तोवर खालच्या कोपऱ्यात चांगली दोन बोटं थर बसला. चिमटीत घेऊन चोळला, कचकच लागला. "उसुक," डॉक्टर म्हणाले. वाळू. आणि ती मीच घातलेली! टापांना मऊ पडावं म्हणून दिवाळीत दारात दोन ट्रॉल्या टाकल्या होत्या आणि चारा त्याच्यावरच पसरत होतो.

आता जाळी. बेळगावात दोरखंडाच्या दुकानात घेतली. दुकानदारानं आधी व्हॉलीबॉलची दाखवली. घोडीला पाहिजे म्हटल्यावर हसला, पण दीड इंची भोकाची नायलॉनची विणून दिली, चार दिवसांत. चारा खाली सांडत नाही, हा पहिला फायदा. दुसरा असा की जे गवत तासाभरात फस्त व्हायचं त्याला आता तीन-साडेतीन तास लागतात, आणि घोड्याच्या पोटाला तसंच थोडं थोडं, सतत लागतं. खाली जुना रबरी मॅट टाकलाय, गळालेली काडी ती त्याच्यावरनं वेचते.

खोडी पण सांगतो. वाळल्या गवताला झकास, कडब्याला बेकार. ताटं भोकात आडवी अडकतात, मग चांदणी चिडून जाळीच हिसकते. कडबा कुट्टी करून टोपल्यातच घालावा लागतो. दुसरं, रिकामी झाली की जाळी लोंबते. एकदा पुढच्या पायाची नाल तिच्यात गुंतता गुंतता राहिली. तेव्हापासून भरलेली असताना तिच्या डोळ्याच्या उंचीला बांधतो आणि पटकन सुटेल अशी सुरगाठ मारतो. दोन ठिकाणी तिनं दातानं तोडली, मी सुतळीनं शिवली. दीड महिन्यात सुतळीही खाल्ली.

सगळं जाळीनं झालं असं नाही. वाळू दारातून काढली, त्या ट्रॉलीवाल्यालाच परत दिली (भाडं वर). हरभऱ्याचं आंबवण एकदम घालायचो ते तीन वेळात वाटलं, पाण्याची बादली कायम भरलेली. डॉक्टरांनी इसबगोल सांगितली होती. भिजवून दिली तर लगेच बुळबुळीत होते, तोंड लावत नाही. कोरडी कोंड्यात घालून वर गुळाचं पाणी शिंपडलं की खाते.

मार्चपासून पोट धरलेलं नाही. पिशवीचा प्रयोग दर पंधरवड्याला करतो, गेल्या वेळी तळाला नखभर दिसलं. पाचपैकी चार तारे, एक कडब्यासाठी कापला. मागवणार असाल तर भोक दीड इंचापेक्षा मोठं घेऊ नका, आणि दुकानदार व्हॉलीबॉलची दाखवेल, ती नको म्हणा.