कोलंबो उघड्या गाडीतून: टुकटुक, जीप की लाल डबलडेकर?

श्रीलंकेच्या सहलीत कँडी, नुवारा एलिया, सिगिरिया आणि बेंटोटा यांची वाटणी झाली की कोलंबोच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस उरतो. विमान रात्रीचं, हॉटेलची खोली दुपारी बाराला सोडायची, मग घरातलं कुणीतरी म्हणतं, चला, शहर तरी बघून घेऊ. हे शहर काचा लावलेल्या एसी गाडीतून बघण्यात मजा नाही. समुद्राचा वारा, पेट्टाच्या बाजारातला मसाल्याचा वास, कोव्हिलातली, म्हणजे तमिळ हिंदू देवळातली, घंटा हे सगळं काचेबाहेरच राहतं. म्हणून उघड्या गाडीचा विचार करणं बरोबरच आहे. प्रश्न एवढाच की कोणती गाडी, आणि ती कधी काढायची.

खरे पर्याय तीन आहेत. पहिला म्हणजे आपली रिक्षाच, तिथे जिला सगळे टुकटुक म्हणतात. दुसरा, जुन्या लष्करी धाटणीची बिनछपराची जीप, चालकासह, फक्त तुमच्यासाठी. तिसरा, वरचा मजला उघडा असलेली लाल डबलडेकर बस. घोडागाडी किंवा सायकलरिक्षा यांचा विचार मी इथे केलेला नाही, कारण कोलंबोच्या रहदारीत आणि उकाड्यात त्यांचा उपयोग नाही.

टुकटुक तुम्हाला पाहताक्षणी ओळखीची वाटेल, आणि त्याला कारण आहे. श्रीलंकेच्या रस्त्यांवरच्या बहुतेक तीनचाकी बजाजच्या आहेत. देशभरात नोंदलेल्या तीनचाकींची संख्या दहा लाखांच्या वर आहे, त्यामुळे कोलंबोत टुकटुक शोधावी लागत नाही, तीच तुम्हाला शोधत येते. खरी मेख इथेच आहे. गॉल फेस या समुद्रकाठच्या मैदानाच्या फुटपाथवर फिरताना एखादा गृहस्थ हसतमुखाने गप्पा मारायला लागतो, तुम्ही भारतातले हे त्याला आधीच कळलेलं असतं, आणि मग तो सांगतो की आज देवळात हत्तींची मिरवणूक आहे, तासाभरात संपेल, चला लगेच. समोर त्याच्याच ओळखीची टुकटुक उभी असते. देऊळ उरकलं की गाडी रत्नांच्या दुकानाशी थांबते. गंगारामय या बौद्ध देवळाची मोठी मिरवणूक, नवम पेरहेरा, खरोखर असते, पण ती फेब्रुवारीच्या पौर्णिमेच्या सुमारास. ऐन जुलैत दुपारी दोनला हत्ती निघाल्याचं कुणी सांगितलं, तर हात जोडून पुढे चालू लागावं.

यावर उपाय सोपा आहे. पिकमी किंवा उबर या अ‍ॅपवर टुकटुक मिळते आणि भाडं आधी दिसतं. तीन-चार तासांसाठी गाडी ठरवायची असेल, तर आपल्या फेरीतले दोन-तीन टप्पे अ‍ॅपवर टाकून एकेकाचं भाडं बघून घ्यायचं, त्यात थांबण्याचे पैसे धरायचे आणि मग चालकाशी बोलायचं. ‘दुकानात जायचं नाही’ हे भाडं ठरवतानाच सांगायचं, नंतर नाही.

जीपचा व्यवहार वेगळा. ती रस्त्यात हात करून मिळत नाही. आधी नोंदवावी लागते, दर बहुधा डॉलरमध्ये असतो आणि टुकटुकच्या कितीतरी पट. हॉटेलवरून नेणं-आणणं, पाण्याच्या बाटल्या, माहिती सांगणारा चालक हे त्यात धरलेलं असतं. नोंदवताना दोन प्रश्न विचारायचे: दर माणशी आहे की गाडीमागे, आणि देवळांची, संग्रहालयाची तिकिटं त्यात आहेत की नाहीत. परदेशी पाहुण्यांना बऱ्याच ठिकाणी वेगळं तिकीट असतं आणि ‘सर्वसमावेशक’ या शब्दाचा अर्थ विकणारा आपल्या सोयीने लावतो.

बस खासगी नाही. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले. रोज सुटतेच असंही नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर विमानाच्या दिवशीचा बेत आखू नये. एकटा माणूस असेल आणि घासाघीस नको असेल, तर तिच्याइतकी बिनकटकटीची सोय नाही. एवढंच तिच्याबद्दल.

आता मुख्य मुद्दा. लोक गाडी बघून ठरवतात, आणि फोटोत जीप नेहमीच जिंकते. माझ्या मते ठरवायचं ते पेट्टा बघायचं आहे की नाही यावरून.

पेट्टा म्हणजे फोर्ट स्टेशनच्या पलीकडचा जुना बाजार. त्याच्या तोंडाशी खान क्लॉक टॉवर उभा आहे. मुंबईतून तिकडे गेलेल्या खान या पारशी कुटुंबातल्या मुलांनी वडिलांच्या, फ्रामजी भिकाजी खान यांच्या, स्मरणार्थ तो बांधला आणि 1923 मध्ये शहराला दिला. तिथून आत शिरलं की रस्ते अरुंद होत जातात आणि गल्लीगणिक माल बदलतो: कुठे कापड, कुठे इलेक्ट्रिकचं सामान, तर सी स्ट्रीटवर सोनं. पोतीच्या पोती लादलेल्या हातगाड्या ओढणारे हमाल ओरडत येतात आणि त्यांना वाट द्यावीच लागते. सेकंड क्रॉस स्ट्रीटवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल-अल्फार मशीद आहे, 1909 मध्ये पुरी झालेली. तिचे मिनार, घुमट, कमानी, सगळं डाळिंबाच्या दाण्यांच्या रंगाचं. ती बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, कारण समोर मागे सरकायला जागाच नाही.

या गल्ल्यांत बस शिरत नाही. जीप शिरते, पण कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर ती एखाद्या टेम्पोमागे अडकली की अडकली, आणि तुम्ही बिनछपराच्या गाडीत भर उन्हात सगळ्या बाजाराचं प्रेक्षणीय स्थळ होऊन बसता. टुकटुक हातगाडी आणि भिंत यांच्यामधून निघते. खरं तर पेट्टात टुकटुकनेही क्लॉक टॉवरपाशी सोडावं आणि तास-दीड तासाने मशिदीजवळून किंवा डच काळातल्या वुल्फेन्डाल चर्चजवळून उचलावं. हे चर्च 1757 पासून उभं आहे, आणि तिथवरचा चढ उन्हात चालायला नको वाटतो. रविवारी बाजार बराचसा बंद असतो. गर्दी नको असेल तर फायदा, बाजारच बघायचा असेल तर तोटा.

याउलट सिनॅमन गार्डन्स, म्हणजे कोलंबो 7. तिथले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना डेरेदार झाडं, मोठाले बंगले, वकिलाती. पांढऱ्या घुमटाचा 1928 सालचा टाउन हॉल, 1877 पासूनचं राष्ट्रीय संग्रहालय, कँडीच्या राजदरबाराच्या धर्तीवर बांधलेलं स्वातंत्र्य स्मारक सभागृह. या भागात जीप शोभते. टुकटुकचं छप्पर तुमच्या कपाळाच्या थोडं वर संपतं, त्यामुळे दिसतो तो रस्ता, दुकानांची खालची निम्मी उंची आणि चालकाची पाठ. जीपमध्ये वर आकाश असतं. लोटस टॉवर जवळपास साडेतीनशे मीटर उंच आहे; टुकटुकमधून तो बघायचा तर बाहेर वाकावं लागतं, जीपमध्ये नुसती मान वर करायची. बसायची जागाही उंच, म्हणून पुढच्या बसचा धूर थेट नाकात जात नाही. जुन्या जीपचा स्वतःचा आवाज आणि डिझेलचा वास मात्र पदरात पडतोच.

उन्हाचं गणित वेगळं मांडावं लागतं. कोलंबो विषुववृत्तापासून जेमतेम सात अंशांवर आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, आणि बाकीच्या महिन्यांतही दुपारचा पारा तिशीच्या आसपासच. मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण बिनछपराच्या गाडीत आकड्यापेक्षा सावली महत्त्वाची, आणि जीपमध्ये ती नाही. दुपारी बारा ते तीन या वेळात जीपची फेरी कुणी स्वस्तात देत असेल, तर ती स्वस्तात का आहे हे समजून घ्यावं.

पावसाचा हिशोब मुंबईपेक्षा वेगळा आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे ते सप्टेंबर, पण कोलंबोत ऑक्टोबर-नोव्हेंबरही जोरदार असतो. त्या दोन महिन्यांत सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह सर, असं नेहमीचं. टुकटुकचे बाजूचे पडदे मिनिटात खाली येतात. जीपवर ताडपत्री ओढेपर्यंत तुम्ही भिजलेले असता, आणि ओढल्यावर ज्यासाठी पैसे दिले तेच गेलेलं असतं. जानेवारी ते मार्चची सुरुवात हा जीपसाठी खात्रीचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी दुपारची जीप नोंदवूच नये. सकाळी सात वाजताची असेल तर विचार करावा.

घरातली माणसं मोजूनही बघा. टुकटुकमध्ये मागे तिघेच. चौघांचं कुटुंब असेल तर दोन गाड्या लागतात, मग मुलं एकीत, आपण दुसरीत, आणि निम्मा वेळ ‘ते कुठे राहिले’ यात जातो. चौघांना जीप सरळ बरी पडते, आणि दर गाडीमागे असेल तर तो तितका टोचतही नाही. पण आजी-आजोबा बरोबर असतील तर जीपची पायरी आधी बघा. ती गुडघ्याइतकी उंच असू शकते, आणि देवळागणिक चढ-उतार करायचा असतो. टुकटुकमध्ये आपल्याकडच्यासारखंच वाकून बसलं की झालं. लहान मूल असेल तर मागच्या बाकाला पट्टे आहेत का ते विचारावं. जुन्या जीपमध्ये बहुधा नसतात.

देवळांसाठी एक सूचना तिन्ही गाड्यांना लागू. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. उघड्या गाडीत माणसं हाफपँट आणि बिनबाह्यांचे कपडे घालून निघतात आणि गंगारामयच्या दारात अडकतात. एक ओढणी किंवा लुंगी बरोबर असू द्या. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नये, तिथे तो अपमान समजतात. या देवळाच्या आवारात जुन्या मोटारींचा संग्रहही आहे, त्यामुळे जुन्या गाडीच्याच ओढीने जीप घेणार असाल, तर ती हौस इथे तिकिटात भागते. जवळच बैरा तलावाच्या पाण्यावर वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी आखलेलं सीमा मालका हे ध्यानमंदिर आहे. तिथे अर्धा तास नुसतं बसावं. गाडी थांबली तर थांबू दे.

मग मी काय घेईन? दोघं-तिघं असू तर टुकटुक, सकाळी साडेसहाला. कोलंबोचं घड्याळ आपल्याच वेळेवर चालतं, त्यामुळे उठण्याचा त्रास नेहमीचाच. ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आत फोर्टमधला जुना दीपस्तंभ-घड्याळ मनोरा, कार्गिल्सची विटकरी इमारत, सी स्ट्रीटवरचे कोव्हिल हे सगळं होतं. पेट्टा उघडेपर्यंत तिथे चहा घेऊन बसायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. वाटेत केशरी सालीचं शहाळं, थांबिली, मिळतं. टुकटुकवाला कुठेही थांबतो, जीपवाल्याला जागा शोधावी लागते.

चौघं असू आणि महिना जानेवारी-फेब्रुवारी असेल तर जीप, पण फक्त संध्याकाळची, चारला निघणारी आणि पेट्टा वगळलेली. सिनॅमन गार्डन्समधून सुरुवात करून शेवट गॉल फेसवर करायचा. सूर्यास्त वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या सुमारास होतो आणि गॉल फेस पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळच्या कोंडीत जीप रखडणार हे धरून साडेपाचलाच तिथे पोहोचायचं. गाडी तिथेच सोडून द्यावी, परतीला टुकटुक घ्यावी. हातगाड्यांवर इस्सो वडे तळत असतात: डाळवड्यावर अख्ख्या कोलंब्या चिकटवलेल्या, वर कांदा आणि तिखटजाळ रस. एका बाजूला 1864 पासूनचं गॉल फेस हॉटेल, दुसऱ्या बाजूला समुद्रात भर घालून उभं राहणारं पोर्ट सिटी, आणि मधे ते मैदान जिथे 2022 मध्ये तरुणांनी तंबू ठोकून राष्ट्राध्यक्षांना देश सोडायला लावला. चालकाला विचारलंत तर तो त्या दिवसांतल्या पेट्रोलच्या रांगांबद्दल नक्की बोलेल. या गप्पा बसमध्ये मिळत नाहीत.

तारखा ठरवताना पौर्णिमा बघून घ्या. दर पौर्णिमेला पोया, सार्वजनिक सुट्टी. रस्ते मोकळे, देवळांत गर्दी, दारूविक्री बंद. एप्रिलच्या 13-14 तारखांना सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा निम्मं शहर गावी गेलेलं असतं आणि बाजार थंड. 4 फेब्रुवारीच्या स्वातंत्र्यदिनाआधी संचलनाच्या तालमींसाठी काही रस्ते बंद ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री हॉटेलात विचारून घ्यावं.

आणि विमानतळासाठी टुकटुक नको. विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे आणि द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी आहे, म्हणजे जुन्या रस्त्याने बॅगा मांडीवर घेऊन जावं लागतं. त्या प्रवासाला निमूटपणे एसी गाडी करा.