शोआ फाउंडेशनचा साक्षसंग्रह : इतिहास शिकवणाऱ्यांसाठी परीक्षण

कोल्हापुरात महायुद्धातले निर्वासित म्हटलं की वळिवडे आठवतं. पण १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिलेले सुमारे ५,००० पोलिश लोक सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेले, बहुतांश कॅथलिक. नाझी छावण्यांतून वाचलेल्या ज्यूंची हकीकत निराळी आहे. वर्गात या दोन्हींची सरमिसळ सर्रास होते. ती टाळायची तर यूएससी शोआ फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या संग्रहाइतकं, म्हणजे ज्यू नरसंहारातून (शोआ) वाचलेल्यांच्या व्हिडिओ मुलाखतींइतकं, उपयोगी साधन दुसरं नाही.

संस्था १९९४ची, साक्षी ५०,०००च्या वर. एकेक साक्ष सरासरी दोन तासांची. संकेतस्थळावरची नोंदणी मोफत आहे, मात्र तेवढ्यावर संग्रहाचा एक भागच पूर्ण बघता येतो. शोधताना आधी ‘ज्यू वाचलेले’ हा गट, मग भाषा, मग जन्मदेश निवडा. गाव सापडलं नाही तर जुनी नावंही घालून बघा : आजचं ल्विव्ह पोलिश काळात ल्वूफ होतं, जर्मनांचं लेम्बर्ग.

साक्षीत मिनिटामिनिटाला विषयाच्या खुणा आहेत. सोय मोठी, आणि घात तिथेच होतो. ‘ऑशविट्झ’ (नाझींची मृत्युछावणी) टाइप करून तीन मिनिटं दाखवली की मुलांना हातावर गोंदलेला क्रमांक दिसतो, माणूस दिसत नाही. मुलाखतींचा आराखडाच मुळी युद्धापूर्वी २० टक्के, युद्धकाळ ६० आणि नंतरचं आयुष्य २० असा होता. घर, शाळा, बापाचं दुकान, ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे १९३५चे न्यूरेम्बर्ग कायदे हे सगळं सुरुवातीला येतं. ते गाळलं तर पुढे काय हिरावलं गेलं हे कळणार कसं?

शेवटचा भाग तर हमखास वगळला जातो. सुटका झाली म्हणजे संपलं, असं नव्हतं. घरी परतलेल्यांच्या घरात दुसरेच राहत होते. पोलंडमधल्या किएल्त्सेत ४ जुलै १९४६ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यावर वर्षभराने, जमावाने ४२ ज्यू मारले. त्यानंतर हजारो लोक पश्चिमेकडे पळाले आणि जर्मनीतल्याच निर्वासित छावण्यांत अडकले, कारण पॅलेस्टाइनचे दरवाजे ब्रिटिशांनी अडवले होते आणि अमेरिकेचा स्थलांतरितांचा कोटा तुटपुंजा होता. त्यांतली फोरेनवाल्डची छावणी तर १९५७ला बंद झाली.

त्यामुळे ३५ मिनिटांच्या तासाला एकाच व्यक्तीची साक्ष घ्या : सुरुवातीची, मधली आणि शेवटची आठ-आठ मिनिटं. उरलेला वेळ प्रश्नांना. मराठी उपशीर्षकं नाहीत आणि बोलणाऱ्यांच्या इंग्रजीला मध्य युरोपीय वळण असतं. मराठी माध्यमाच्या मुलांना ते झेपत नाही. निवडलेल्या भागाचा मराठी सारांश आदल्या दिवशी फळ्यावर किंवा कागदावर द्याच.

साक्षी बहुतेक १९९०च्या दशकातल्या, म्हणजे घटनेनंतर पन्नासेक वर्षांनी दिलेल्या. तारखा, अंतरं चुकू शकतात. त्याने साक्ष खोटी ठरत नाही, पण तारीख वहीत उतरवण्याआधी आरोल्सन आर्काइव्हज या जर्मनीतल्या दस्तऐवज संग्रहाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. छावण्यांच्या मूळ नोंदी तिथे मोफत बघता येतात.