दिवाळीत घेतलेली शिलाई मशीन, वाकळ आणि पळणारं पेडल

सर्व्हिस सेंटरनं परवा १,८५० रुपयांचा अंदाजखर्च हातात ठेवला. खाली शेरा होता, ‘जाड गोधडी शिवल्याने बिघाड, वॉरंटी लागू नाही.’ तो कागद वाचला आणि हे लिहायला बसले. मशीनचं नाव देत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. दहा हजारांच्या आतल्या विजेवरच्या घरगुती मशिनी वापरायला तशाही जवळपास सारख्याच: पांढरं प्लॅस्टिकचं अंग, टाका निवडायचा गोल खटका, सरळ टीप, झिगझॅग, काज. दुकानात बघितलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

माझ्या माहेरी, सांगलीच्या गावभागात, आईची काळी पायमशीन होती. २०१९ च्या महापुरात ती पाण्याखाली गेली. टेबलाचं लाकूड फुगून फुटलं, आतलं सगळं गंजलं, शेवटी भंगारवाल्यानं वजनावर नेली. त्यानंतर नेफा उसवला तरी बाहेर पैसे मोजायला लागायचे. दिवाळीच्या सेलमध्ये ही मशीन साडेनऊ हजाराला दिसली तेव्हा हिशोब मांडला: साडीला फॉल, ब्लाउजच्या कडा, अभ्रे, पिशव्या, पडद्यांची दुमड, एवढं घरी झालं तरी दोन वर्षांत किंमत वसूल. हिशोब आत्तापर्यंत ठरल्यापेक्षा बरा चाललाय. झिगझॅगमुळे तर कापडाच्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून लागणाऱ्या इंटरलॉकसाठी दुकानात जायचंच बंद झालं, आणि या एका गोष्टीचा मला अजून आनंद होतो.

आता पेडल. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खोक्यावर टाक्यांचे प्रकार मोजून छापतात आणि ज्यावर आपला पाय दिवसभर असतो त्याबद्दल एक ओळ नसते. हे पेडल वजनाला हलकं, खाली रबर नावाला. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे, वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली. पाय टेकवला की पेडल पुढं सरकतं, आपण पाय लांब करतो, ते आणखी सरकतं, आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावरची टीप चालू असते. दुसरी अडचण त्याहून मोठी. अर्ध्यापर्यंत दाबलं तरी मशीन नुसती गुणगुणते आणि केसभर जास्त दाबलं की सुसाट सुटते. नवशिक्याला खरा लागतो तो संथ वेग, आणि तोच यात नाही. कोपऱ्यावर दोन टाके पुढं गेले की पिशवीचा कोन बिघडला, मग उसवत बसा.

यावर उपाय आहे. कोपरा बोटभर राहिला की पाय काढायचा, उजवीकडचं चाक हातानं फिरवत शेवटचे टाके घालायचे, सुई कापडात रुतलेली ठेवून फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचलायचं, कापड वळवायचं आणि फूट पुन्हा खाली. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवायचं. उलटं फिरवलं की खाली दोरा गुंततो. पेडल सरकायचं थांबलं ते सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाली चिकटवल्यावर. साडेनऊ हजाराच्या वस्तूला ट्यूबचा तुकडा मी का लावायचा, हा प्रश्न मी सर्व्हिस सेंटरलाही विचारला. उत्तर मिळालं, नवीन पेडल १,१०० रुपये आणि तेही याच प्रकारचं.

नवीन शिकणाऱ्यांनी सुरुवात अभ्र्यापासून करावी असं माझं ठाम मत आहे. सगळ्या शिवणी सरळ आणि चेन-बटण काही नाही. उशी १७ बाय २७ इंचांची असेल तर कापड १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब कापायचं. दोन्ही आखूड कडांना एकेक इंचाची दुमड घालून टीप मारली की लांबी ६० उरते. सुलट बाजू आत ठेवून ते असं घडी करायचं की घडी २७ इंचांची होईल आणि मागच्या बाजूला दोन्ही कडा ६ इंच एकमेकांवर येतील. मग दोन्ही बाजूंना अर्धा इंच सोडून टीप मारायची आणि उलटवायचं. त्या ६ इंचांमुळे उशी बाहेर डोकावत नाही. कापड नवं सुती असेल तर कापायच्या आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि उशी आत जात नाही.

बाजारच्या पिशवीला आतून मांजरपाट लावा, आणि पट्टा जिथं जोडता तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारा. कांदे-बटाटे भरले तरी पट्टा सुटत नाही. गरम भांडी उचलायची कापडं शिवताना आत जुना सुती टॉवेल घाला. पॉलिस्टर अजिबात नको, ते गरम भांड्याला वितळून चिकटतं.

एवढ्या कामात मशीननं काही त्रास दिला नाही. सुरुवातीला एकच तक्रार होती, खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं व्हायचं. सगळे सांगतात बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ, बघ, पण खाली जाळं झालं की दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा ओवताना फूट वर उचललेलं पाहिजे. ते खाली असलं की दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवायची. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत हे आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की डोळे फुटायची वेळ येते.

मग आली वाकळ, म्हणजे गोधडी, जिच्यासाठी खरं तर मशीन घेतली होती. वहिनीच्या बाळासाठी ३६ बाय ४५ इंचांची करायची ठरवली. वरच्या बाजूला ५ इंचांचे ८० चौकोन, आडवे ८ आणि उभे १०. पाव इंचाच्या शिवणीनं जोडले की प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा उरतो आणि माप बरोबर येतं. यात ‘साधारण पाव इंच’ चालत नाही. शिवण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त धरली तर दोन्ही चौकोनांतून एकेक सूत जातं. एका ओळीत सात जोड, म्हणजे चौदा सूत, म्हणजे पावणेदोन इंच ओळ आखूड. आणि दुसरी ओळ नीट शिवलेली असली की दोन्ही ओळी जुळत नाहीत. मी सुईपासून पाव इंच मोजून खालच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावली आणि कापडाची कड तिच्याकडेनं चालवली. इस्त्री करताना एका ओळीच्या शिवणी डावीकडे, पुढच्या ओळीच्या उजवीकडे झोपवल्या की जोडावर शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपसूक जुळतात.

आतल्या दोन थरांसाठी आणि खालच्या अस्तरासाठी आईच्या जुन्या सुती साड्या घेतल्या. जुनी साडी आटायची तेवढी आटलेली असते, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो आणि बाळाच्या अंगाला ती मऊ लागते. पण साडी सरसकट वापरता येत नाही. ती खिडकीपाशी उजेडात धरून बघा. निऱ्यांचा भाग आणि बसण्याचा भाग विरलेला दिसतो. तो आतल्या थरात घाला, अस्तराला नको. फॉल आधी उसवून काढा, नाहीतर तिथं जाडी वाढते. जरीचा काठही कापून बाजूला ठेवा, जरीनं सुईचं टोक लवकर बोथट होतं. आणि सुती साडीबरोबर सिंथेटिक साडी घालू नका, ती आत सरकत राहते आणि घामही शोषत नाही.

थर एकावर एक अंथरून मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढल्या आणि वीतभर अंतरानं हातानं कच्चा धावदोरा घातला. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. मशीनचे दात फक्त खालचं कापड ओढतात, वरचं कापड फुटाखाली ढकललं जातं. त्यामुळे शेवटाला वरचा थर जास्त उरतो आणि चुण्या पडतात. वॉकिंग फूट लावलं तर वरचा थरही बरोबर सरकतो. ते वेगळं विकत घ्यावं लागतं. मी घेतलं नाही. कच्चा दोरा दाट असेल आणि टिपा मधून सुरू करून एकाच दिशेनं मारल्या तर चार सुती थरांना त्याची गरज पडत नाही. टाक्याची लांबी नेहमी अडीच मिलिमीटर असते, वाकळीला तीन ते साडेतीन ठेवा.

अर्धी वाकळ सुरेख झाली. मग मशीन टाके सोडायला लागली. जिथं चौकोनांचे चार कोपरे एकत्र येतात तिथं ठक ठक आवाज यायचा, दोरा तुटायचा, एकदा सुईच वाकली. माझं मत तेव्हा झालं की मोटर कमजोर आहे आणि या वर्गातल्या मशिनीवर वाकळ शिवताच येत नाही. ओळखीच्या दोघी-तिघींना मी तसं सांगितलंही. मशीन सर्व्हिस सेंटरला दिली. ती कित्येक आठवडे तिथंच राहिली, फोन केला की ‘पार्ट मागवलाय’. शेवटी तो १,८५० चा कागद, आणि वर ऐकवलं की गोधडी म्हणजे व्यावसायिक वापर. ज्या खोक्यातून मशीन आली त्या खोक्यावरच रंगीत गोधडीचं चित्र छापलेलं आहे! पुस्तिकेतही गोधडीच्या टाक्याची आकृती आहे. खोक्याचा फोटो जोडून मी लेखी तक्रार दिली आणि उत्तर लेखीच मागितलं. वॉरंटीच्या भानगडीत अडकलेल्यांसाठी एवढं सांगते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क पडत नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र जपून ठेवा.

मशीन तशीच परत आणली आणि कापड पेठेच्या बाजूला पायमशिनी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी सुईखालचा पत्रा काढला. दोनच स्क्रू, आणि सफाईसाठी ते काढायला पुस्तिकेतच सांगितलेलं आहे. आत दातांच्या खाली धुरळा आणि सुताचा राखाडी थर इतका घट्ट बसला होता की चिमट्यानं उचलल्यावर नमद्यासारखा अख्खा निघाला. दात त्यामुळे पूर्ण वर येतच नव्हते. शटलच्या, म्हणजे सुईचा दोरा खाली पकडणाऱ्या भागाच्या, कडेवर वाकलेल्या सुईनं ओढलेला बारीक ओरखडा होता. काकांनी माझं बोट धरून तिथं फिरवलं, कापूस अडकेल एवढा खरखरीत. अगदी बारीक पॉलिश पेपरनं तो घासून काढला, तेलाचा एक थेंब सोडला आणि सुई बदलली. म्हणाले, “ताई, ही ११ नंबरची सुई ब्लाउजची. वाकळंला १६ लावा.” दीडशे रुपये घेतले.

सुईच्या पाकिटावर ७५/११, ९०/१४, १००/१६ असे आकडे असतात. पहिला आकडा जाडीचा: ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर, १०० म्हणजे एक मिलिमीटर. नेहमीच्या सुती कापडाला १४, चार थरांना १६. बारीक सुई जाड थरात वाकते, तिची वाट जरा सरकली की शटलला दोरा पकडता येत नाही, आणि टाका सुटतो तो तिथं. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुई बदलावी. घेताना दांड्याची एक बाजू सपाट आहे ना ते बघा; कारखान्यातल्या हाय-स्पीड मशीनची सुई गोल दांड्याची असते, ती आपल्या मशीनला चालत नाही. सपाट बाजू मागं ठेवून सुई वरपर्यंत सरकवायची आणि मगच स्क्रू आवळायचा.

१६ ची सुई लावल्यावर उरलेली अर्धी वाकळ त्याच मशीनवर एका बैठकीत झाली. कोपऱ्यांवर चाक हातानं फिरवलं, बाकी कुठं अडली नाही. त्यामुळे मोटरबद्दलचं मत मी मागं घेतलंय आणि त्या दोघी-तिघींना फोन करून तसं सांगितलंय. चार सुती थरांपर्यंत ही मशीन बिनघोर चालते. कापूस भरलेली रजई किंवा आत जुनं ब्लँकेट घातलेली वाकळ तिच्यावर घालू नका. फुटाखाली तेवढी जागाच नाही, ती हातानंच शिवावी. दर वाकळीनंतर पत्रा काढून ब्रशनं सफाई करा. फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो.

पेडलबद्दलचं मत मात्र तसूभर बदललेलं नाही. घेणार असाल तर दुकानात जाताना घरून जुन्या सुती साडीचा तुकडा चार पदरी करून न्या आणि त्यावर टीप मारायला मागा. मारताना टाक्यांचे प्रकार बघत बसू नका. पेडल अगदी हळू दाबून मशीन एकेक टाका घालते का ते बघा, आणि दुकानाच्या फरशीवर ते पळतंय का तेही. दुकानदार ‘डेमो पीस नाही’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा. सांगली-मिरजेत मशिनींची दुकानं भरपूर आहेत.