लाइट्झचा मिकास: आठ महिने आणि अकरा रोलनंतर

मायक्रोस्कोपला लावायचे जुने कॅमेरे मी जमवतो आणि वापरतोही. त्यात सगळ्यात जास्त हाताळला गेला तो लाइट्झचा मिकास. घ्यावा का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण पूर्ण संच मिळत असेल तरच.

मिकास म्हणजे मायक्रोस्कोपची नळी आणि लायका (लाइट्झचाच फिल्म कॅमेरा) यांच्या मधे बसणारा भाग. त्यात प्रतिमा १/३ करणारी लेन्स, बाजूला डोकवायची छोटी दुर्बीण आणि स्वतःचं इब्सॉर शटर असतं. ४०चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळची लेन्स) आणि १०चा आयपीस (डोळ्याकडची लेन्स) लावला की डोळ्याला ४०० पट दिसतं, फिल्मवर साधारण १३३ पट उतरतं. लायकाचं शटर उघडं ठेवून एक्स्पोजर इब्सॉरने द्यायचं. लायकाच्या शटरच्या पडद्याचा धक्का नाही, आरशाची फडफड नाही. जास्त पटीवर हा फरक निगेटिव्हवर लगेच कळतो.

पहिले दोन रोल मात्र वाया गेले. दुर्बिणीत सगळं लख्ख दिसायचं, फिल्मवर धूसर. मी लेन्सवर संशय घेत राहिलो. खरं कारण माझा डोळा होता: तो आपोआप जुळवून घेतो आणि फोकस चुकलेला असला तरी चित्र स्पष्ट भासतं. आता आधी स्लाइड काढून ठेवतो, रिकाम्या उजेडात दुर्बिणीचं भिंग फिरवतो, आतल्या बारीक रेषा काळ्याभोर दिसल्या की थांबतो. मगच स्लाइड लावून फाइन फोकस. तिसऱ्या रोलवर डासाच्या पंखावरचे खवले आले, एकेका खवल्यावरच्या उभ्या रेघांसकट! ती निगेटिव्ह मी कितीतरी वेळ उजेडासमोर धरून बसलो होतो.

माझ्या संचात पेरिप्लान आयपीस नव्हता आणि तो मिळवण्यात तीन महिने गेले. लाइट्झच्या जुन्या ऑब्जेक्टिव्हमध्ये उरलेला रंगदोष हाच आयपीस भरून काढतो. दुसरा लावला की कडांना रंगीत किनार येते. कृष्णधवल फिल्म असेल तर हिरवा फिल्टर जरूर लावा. साधी अक्रोमॅट, म्हणजे रंगदोष काही अंशीच दुरुस्त केलेली, ऑब्जेक्टिव्ह हिरव्या उजेडातच सगळ्यात नेमकी असतात. प्रकाशयोजना कोलरची, म्हणजे स्लाइडवर सगळीकडे सारखा उजेड पाडणारी. ऑगस्ट कोलरने १८९३ साली ती सूक्ष्मदर्शकातून फोटो काढण्यासाठीच मांडली होती, आणि ती नीट जमली नाही तर फ्रेमची एक बाजू काळवंडते.

तक्रार एकच. विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून दिलेलं शटर एक सेकंदावर अडकत होतं. जुनं वंगण घट्ट झालं होतं. जाणत्या कारागिराकडून साफ करून घेतलं, तेव्हापासून बिनतक्रार चालतंय. घरी तेलाचा थेंब सोडायचा मोह टाळा, ते शटरच्या पात्यांवर पसरतं.

१००च्या ऑइल ऑब्जेक्टिव्हला (स्लाइडवर तेलाचा थेंब ठेवून वापरायच्या) दुर्बिणीतलं चित्र फारच मंद होतं, तेव्हा मी खोलीत अंधार करतो. घेण्याआधी मिकासमधलं, उजेड दुर्बिणीकडे वळवणारं प्रिझम दिव्यासमोर तिरकं धरून पाहा. कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर चिकटवलेला जोड सुटतोय, तो नग सोडून द्या.