ट्रेलहेड: काही महिने रोज वापरल्यानंतर

ग्राहकांची माहिती आणि विक्रीची कामं सांभाळणाऱ्या सेल्सफोर्स या सॉफ्टवेअरच्या अ‍ॅडमिनचं काम अंगावर आलं की सगळे एकच सांगतात, ट्रेलहेड कर. सेल्सफोर्सने २०१४ साली सुरू केलेलं हे शिकण्याचं संकेतस्थळ फुकट आहे, भाषा सोपी आहे आणि सरावासाठी स्वतःची ऑर्ग (सेल्सफोर्सची वेगळी प्रत), म्हणजे प्लेग्राउंड, तिथेच मिळते. काही महिने रोज वापरल्यावर माझं मत असं झालंय की ते क्रमाने 'संपवायला' घेऊ नये. हाताशी आलेल्या कामासाठी उघडावं.

मॉड्यूल (धडा) पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या बॅजच्या मागे लागण्यात अर्थ का नाही, ते गुणांच्या पद्धतीतच दिसतं. बहुपर्यायी प्रश्न पहिल्या फेरीत बरोबर आले तर १०० गुण, दुसऱ्या फेरीत ५०, त्यानंतर २५. अंदाजाने उत्तरं देत गेलं तरी बॅज मिळतोच. ट्रेलहेडवर 'रेंजर' हा दर्जा मिळवायला १०० बॅज आणि ५०,००० गुण लागतात, पण त्या आकड्यावरून माणसाला शेअरिंग, म्हणजे कोणता रेकॉर्ड कोणाला दिसावा हे ठरवणं, समजलंय की नाही हे कळत नाही. हँड्स-ऑन चॅलेंजचं, म्हणजे स्वतः करून दाखवायच्या कामाचं, तसं नाही. तुम्ही खरंच ते फील्ड (माहितीचा रकाना), तो फ्लो (आपोआप चालणारी कामांची साखळी) बनवलाय का, हे तुमच्या प्लेग्राउंडमध्ये तपासलं जातं. सुपरबॅज, म्हणजे मोठं काम स्वतः करून मिळणारा बॅज, तर सर्वांत मोलाचा. तिथे गरज सांगतात, पायऱ्या सांगत नाहीत. ऑफिसातही तसंच असतं.

माझी पद्धत सांगते. सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे 'मला हे दिसत नाही'. त्यावर आधी विचारायचं, काय दिसत नाही? टॅबच नसेल तर ऑब्जेक्टची, म्हणजे त्या प्रकारच्या रेकॉर्डच्या तक्त्याची, परवानगी बघा. रेकॉर्ड उघडतो पण एखादी माहिती गायब असेल तर फील्ड-लेव्हल सिक्युरिटी (त्या फील्डची परवानगी) किंवा पेज लेआउट (पानावरची मांडणी). आणि शेजारच्याला दिसणारा रेकॉर्ड याला दिसत नसेल तर ऑर्ग-वाइड डिफॉल्ट (सगळ्यांसाठीचा मूळ नियम), रोल हायरार्की (वरिष्ठ-कनिष्ठांची उतरंड) आणि शेअरिंग रूल्स (जादा परवानगीचे नियम). डेटा सिक्युरिटीचं मॉड्यूल अशी तक्रार समोर ठेवून वाचलं की डोक्यात बसतं. सराव करताना प्लेग्राउंडमध्ये दुसरा साधा युजर नक्की बनवा. अ‍ॅडमिनला जवळपास सगळंच दिसतं, त्यामुळे स्वतःच्या लॉगिनने तपासून काही सिद्ध होत नाही.

फ्लो शिकताना मात्र मोठा डेटा स्वतः तयार करावा लागतो. एका रेकॉर्डवर छान चाललेला फ्लो एकदम २०० रेकॉर्ड अपलोड केले की कोसळू शकतो, कारण लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) आत 'गेट रेकॉर्ड्स' ही रेकॉर्ड शोधून आणणारी पायरी ठेवलेली असते आणि एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका दमात होणाऱ्या कामात, अशा १०० शोधांचीच (क्वेरींचीच) मर्यादा आहे. रेकॉर्ड लूपच्या आधी एकदाच गोळा करा आणि अपडेट लूप संपल्यावर एकदाच करा. इंटरनेटवर इतरांचे लेख वाचताना तारीख बघत जा. वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर या फ्लोच्या आधीच्या साधनांचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, तरी त्यांवरचे लेख अजून ढिगाने सापडतात.

आता ज्या सवयींनी माझा सर्वाधिक वेळ वाचतो त्या. एक्सेलमध्ये रेकॉर्डचे आयडी जुळवायचे असतील तर १८ अक्षरी आयडीच घ्या. रिपोर्टमधून येणाऱ्या १५ अक्षरी आयडीत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा (a आणि A) फरक महत्त्वाचा असतो, एक्सेलचं व्हीलुकअप हे जुळवणी करणारं सूत्र तो फरक मानत नाही, आणि भलत्याच ग्राहकाची माहिती गुपचूप जुळून येते. डेटा लोडरने (एकदम खूप रेकॉर्ड चढवण्याच्या साधनाने) अपडेट करण्याआधी तेच कॉलम एक्सपोर्ट करून ठेवा. हे मी कितीही घाईत सोडत नाही. डिलीट झालेले रेकॉर्ड १५ दिवस रिसायकल बिनमध्ये असतात, पण जुन्या किमतीवर नवी किंमत लिहिली गेली तर जुनी परत आणायला कुठलीच बिन नाही. फील्ड हिस्टरी (फील्डमधल्या बदलांची नोंद) आधीच चालू असेल तर जुनी किंमत निदान वाचता येते, आणि तीही साधारणपणे प्रत्येक ऑब्जेक्टवर २० फील्ड्सपुरतीच. म्हणून ती २० कोणती, हे सेल्स आणि अकाउंट्सच्या लोकांबरोबर बसून ठरवावं.

प्रत्येक फील्डच्या आणि फ्लोच्या डिस्क्रिप्शनमध्ये कोणी मागितलं आणि का, हे एका ओळीत लिहा. सेटअप ऑडिट ट्रेल कोणी काय बदललं हे सांगतो, पडद्यावर शेवटचे २० बदल आणि डाउनलोड केल्यास सहा महिन्यांचे. कारण मात्र त्यात नसतं. कस्टम फील्ड काढण्याआधी ते कुठे कुठे वापरलंय हे दाखवणारं 'व्हेअर इज धिस युज्ड' दाबायला दोन सेकंद लागतात.

सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी ट्रेलहेडचा पाया पुरेसा आहे. मात्र प्रश्न प्रसंगावर आधारित असतात, त्यामुळे वाचनापेक्षा प्लेग्राउंडमधली खटपट जास्त कामी येते.

वर्षाला तीन रिलीज येतात, स्प्रिंग, समर आणि विंटर. प्रिव्ह्यू सँडबॉक्सवर (आपल्या ऑर्गच्या चाचणीसाठीच्या प्रतीवर) ती काही आठवडे आधीच उतरतात. त्या दिवसांत मी ट्रेलहेडवर नवं काही सुरू करत नाही. रिलीज नोट्समधून आपण वापरतो तेवढेच भाग वेगळे काढते, चालू फ्लोंची यादी घेते आणि सँडबॉक्समध्ये एकेक चालवून बघते.