बाळासाठी घरी घेतलेलं नेब्युलायझर: नऊ महिने वापरून झाल्यावर

मागच्या नोव्हेंबरात मुलगा सात महिन्यांचा होता तेव्हा घेतलं, आता ऑगस्ट चालूय. कंप्रेसरवालं मशीन आहे (औषधाचं धुकं करून मास्कमधनं श्वासात देणारं), मेडिकलमधनं १७०० रुपयाला, सोबत लहान आणि मोठा असे दोन मास्क, औषधाची वाटी, नळी आणि पाच फिल्टर. घ्यायच्या आधी मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसायचे पण सगळीकडे "छान आहे, आवाज थोडा येतो" एवढंच, म्हणून जे मला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं ते सगळं लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही कारण मशीनपेक्षा वापरण्यावरच जास्त अवलंबून आहे असं माझं मत झालंय.

आधी थोडं मागचं. आम्ही कराडजवळ राहतो. ऑक्टोबरात बाळाला साधी सर्दी झाली, दोन दिवस नाक गळणं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक छाती घुरघुरायला लागली, दूध ओढता ओढता सोडून द्यायचा आणि धापा टाकायचा. दवाखान्यात ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज, असं सांगितलं, तीन दिवस अॅडमिट, ऑक्सिजन. डॉक्टरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं की हा व्हायरस आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात जड जातो आणि खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळू शकतो. पुढच्याच महिन्यात परत सर्दी, परत धाप, पण या वेळी छातीतनं शिट्टीसारखा सूं सूं आवाज. दवाखान्यात नेब्युलायझरमधनं औषध दिल्यावर वीस मिनिटांत फरक पडला. तो फरक बघूनच डॉक्टर म्हणाले की याला औषध लागू पडतंय, घरी मशीन ठेवा. म्हणजे पहिल्या आजारात घरी मशीन असतं तरी काही उपयोग नव्हता, दुसऱ्यात होता, आणि हे ठरवलं डॉक्टरांनी छाती ऐकून. हे आधी लिहितेय कारण आमच्या आळीतल्या दोघी तिघी "जरा मशीन द्या ना, आमच्याला खोकला झालाय" म्हणून आल्या होत्या. आमच्याकडे याला सगळे "वाफ देणं" म्हणतात, तिथनंच घोटाळा सुरू होतो. ही पाण्याची गरम वाफ नाही, औषधाचं बारीक धुकं आहे, गार असतं. आणि साध्या सर्दीखोकल्यावर हे औषध नाही. त्या औषधाने बाळाचं हृदय जोरात धडधडतं, हात थरथरतात, रात्री एक वाजेपर्यंत डोळे टक्क उघडे, हे मी स्वतः बघितलंय. मशीन दिलं नाही म्हणून एक जण आठवडाभर बोलली नाही, पण मी दिलं नाही.

आता मशीनबद्दल. आवाज भरपूर आहे, मिक्सर नाही पण जुन्या फ्रीजच्या खूप वरचा. पहिले आठ दहा दिवस आवाज सुरू झाला की हा रडून लाल व्हायचा. मी काय करायचे, मास्क तोंडापासून चार बोटं लांब धरायचे, धुकं तर चेहऱ्यावर जातंय ना, तेवढं पुरे. फॉलोअपला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर करून दाखवलं, मास्क जरा जरी लांब गेला तरी औषध बहुतेक हवेत जातं, आणि बाळ जोरात रडत असेल तर फुप्फुसात जाण्याऐवजी घशात आणि पोटात जातं. मला इतकं वाईट वाटलं. एवढे दिवस मी याला औषध देतेय असं समजत होते आणि ते दुपट्यावर पडत होतं.

मग सवय लावली. मशीन बंद असतानाच मास्क खेळायला दिला, दोन दिवस तो चावला, बाहुलीच्या तोंडाला लावला, माझ्या तोंडाला लावला. मशीन पलंगावरनं काढून खाली सतरंजीवर, घडी घातलेल्या चादरीवर ठेवलं तर हादरा आणि आवाज दोन्ही कमी झाले (हवा आत घ्यायची जागा झाकायची नाही, तेवढं बघायचं). मांडीवर उभा धरून, पाठ माझ्या छातीला, डावा हात त्याच्या पोटावर आणि उजव्या हाताने मास्क नाक आणि तोंड दोन्हीवर नीट टेकवून. आई, म्हणजे सासूबाई, समोर बसून "चिऊताई चिऊताई दार उघड" सुरू करतात, गोष्ट संपेपर्यंत औषध संपतं. सात आठ मिनिटं लागतात. वाटीतनं फुर्र फुर्र असा तुटक आवाज यायला लागला की झालं. झोपेत द्यायचंही करून बघितलं, आमचा तरी मास्क लागला की जागा होऊन जास्त चिडतो.

स्टिरॉइडचं औषध लिहून दिलं असेल तर ते झाल्यावर तोंड आतनं ओल्या फडक्याने पुसायचं आणि चेहरा धुवायचा, हे मला मेडिकलवाल्याने नाही, दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं.

साफसफाई हा या मशीनचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्रत्येक वेळी वाटी आणि मास्क सुटे करून धुवायचे, झटकून स्वच्छ फडक्यावर उघडे वाळवायचे, दिवसातनं एकदा साबणाच्या कोमट पाण्याने. ओली वाटी डब्यात बंद करून ठेवली तर त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच छातीत. नळी धुवायची नाही. माझ्याकडनं एकदा धुतली गेली, आत पाण्याचे थेंब राहिले आणि रात्री साडेबाराला मशीन चालू पण धुकं नीट येईना. बाळ धापा टाकतंय आणि मी नळी गोल गोल फिरवून पाणी झटकतेय, ती पाच मिनिटं मी विसरणार नाही. नंतर कळलं की नळीत ओल आली तर नुसतं मशीन चालू ठेवून हवेने वाळवायची. फिल्टर महिन्याने बघायचा. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की पाचट जाळतात, काळी राख अंगणात उडत येते, त्या महिन्यात फिल्टर पंधरा दिवसांत करडा झाला. जे मशीनच्या फिल्टरवर दिसलं ते बाळाच्या नाकातही जातंय हे तेव्हा डोळ्याला दिसलं, आणि त्या दिवसापासून घरातली धुरी पूर्ण बंद केली. आईंना हे सांगणं सोपं नव्हतं. ओवा, वेखंड, शेगडी, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पण त्यांनीच दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, "धुरी दिली तर चालंल का हो?" आणि ते म्हणाले, "आजी, याच्या श्वासनळ्या आधीच सुजल्यात, धूर म्हणजे त्यावर मीठ." तिथनं शेगडी माळ्यावर गेली. कापूरही नको म्हणाले, लहान बाळाला त्याने झटके येऊ शकतात. मधाचं बोटही वर्षाच्या आत नाही.

लाईट हा दुसरा प्रश्न. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे लाईट गेलीच समजा. मशीन इन्व्हर्टरवर चालतं, पण ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी आधी डॉक्टरांना स्पेसरबद्दल विचारा. स्पेसर म्हणजे प्लास्टिकची नळकांडी, एका टोकाला औषधाचा पंप (इनहेलर) आणि दुसऱ्या टोकाला बाळाचा मास्क. जानेवारीपासून आमच्याकडे तोही आहे, आणि खरं सांगायचं तर आता मी तोच जास्त वापरते. पंप हलवायचा, एक दाब, मास्क टेकवून ठेवायचा आणि पाच ते दहा श्वास मोजायचे, संपलं. लाईट नको, आवाज नाही, पुण्याला एसटीने जाताना पर्समध्ये मावतो. डॉक्टर म्हणाले नीट वापरला तर काम मशीनएवढंच होतं. हे आधी माहीत असतं तर मी १७०० रुपये घालायच्या आधी विचारलं असतं. तरी मशीन घेतल्याचं वाईट वाटत नाही, तो किरकिर करत असतो तेव्हा गोष्ट ऐकवत मशीनने निवांत देता येतं.

पण या नऊ महिन्यांत मी जे शिकले त्यात सगळ्यात मोठी गोष्ट विकत मिळत नाही, ती म्हणजे श्वास मोजणं. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातलं वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघायचं, एकदा वर आलं की एक. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा श्वास जलद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळाचा श्वास एका लयीत नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना हेच मोजायला शिकवून न्यूमोनिया ओळखायला लावला, मोजता यावं म्हणून मण्यांचं साधं साधन बनवलं, आणि बालमृत्यू कमी झाल्याचा त्यांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. मग मी तर शिकलेली आहे, मला का नाही जमणार, असं वाटून मी रोज मोजायला लागले, बरा असतानासुद्धा. त्याचा निजलेला आकडा ३० ते ३४ असतो हे मला आता पाठ आहे.

त्याचा उपयोग फेब्रुवारीत झाला. रात्री दोनला जाग आली, ताप फार नव्हता, खोकलाही नव्हता, नुसता कण्हल्यासारखा बारीक आवाज. मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारून अंगरखा वर केला, ५८. परत मोजलं, ६०. आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता. ह्यांनी कोविडमधलं बोटाचं ऑक्सिमीटर काढलं, त्याच्या पायाच्या अंगठ्याला लावलं, एकदा ८६ एकदा ९७. ते मोठ्यांच्या बोटाचं यंत्र आहे, बाळाच्या हलत्या पायाला खरा आकडा देत नाही, त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की खळगा पडतोय, कण्हतोय, ओठ निळसर दिसतायत, दूध घेईना किंवा मलूल पडलाय, यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं. त्यांनी असं झालं तर एकदा औषध द्या आणि निघा म्हणून लिहूनही दिलं होतं, ते देऊन पंचवीस मिनिटांत पोचलो. आई मागच्या सीटवर त्याला उभा धरून पूर्ण रस्ता पोटावर हात ठेवून बसल्या होत्या. ऑक्सिजन लागला, दोन दिवसांत घरी आलो.

एक गोष्ट मशीनची नाही पण लिहितेच. तापाच्या औषधाचे ड्रॉप आणि सिरप यात जमीन अस्मानाचा फरक असतो. आमच्याकडच्या पॅरासिटामॉल ड्रॉपमध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम, आणि सिरपमध्ये ५ मिलीत १२५. डॉक्टरांनी सिरप ४ मिली सांगितलं होतं, ते संपलं म्हणून ह्यांनी घाईत ड्रॉपची बाटली उघडून ४ मिली भरलं सुद्धा. म्हणजे १०० च्या जागी ४०० मिलिग्रॅम, आठ किलोच्या बाळाला. तोंडाजवळ गेलेली सिरिंज मी बाटलीचं झाकण वेगळं दिसलं म्हणून थांबवली. आता घरात एकच बाटली ठेवतो आणि तिच्यावर मार्करने किती मिली ते लिहिलंय, वजन वाढलं की डॉक्टरांना विचारून खोडून नवीन. खोकल्याचं सिरप तर घरात आणतच नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या विषारी सिरपने दगावली तेव्हा, ऑक्टोबर २०२५ मध्ये, केंद्राने दोन वर्षांच्या आतल्या मुलांना ही सर्दीखोकल्याची औषधं देऊ नका म्हणून सांगितलं. नाक चोंदलं की सलाईनचे दोन दोन थेंब, थोडं थांबून दूध, एवढ्यावर आमचं निभतं.

आत्तापर्यंत मशीन पाच आजारपणात वापरलं, बिघाड एकदाही नाही. वाटी एकदा तडकली, नवीन १५० रुपयाला मिळाली, वाटी मात्र त्याच मॉडेलची घ्या, दुसरी लावली की धुकं कमी येतं. कपाटाच्या दाराला आतनं एक कागद चिकटवलाय, त्यावर औषधांची नावं, दवाखान्याचा रात्रीचा नंबर आणि वर मोठ्या अक्षरात ५०. एप्रिलमध्ये पहिला वाढदिवस झाला त्या संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, आईंनी ते खोडून स्वतःच्या हाताने ४० केलं.