वाय-फायच्या नावाखाली ३२,७४० रुपयांना गंडवलं, सोलापूरकरांनो सावध राहा

नवी पेठेत माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नसराईत एकेका लग्नाचा साठ-सत्तर जीबी डेटा लॅपटॉपवरून वाय-फायने मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, म्हणजे फाइल्स साठवायच्या कॉम्प्युटरवर, टाकावा लागतो. नवीन जागेत आल्यापासून कॉपी होता होत नव्हती. ज्याने वायरिंग केलं होतं त्याच नेटवर्किंगवाल्याला बोलावलं. बाकी तुम्हाला माहीतच आहे, असे लोक एकदा आत शिरले की दर वेळी नवीन वस्तू बदलायला लावतात.

सर्व्हरची आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्याची अशा दोन केबल, ४,२४०. मग "राउटर जुना झालाय ओ दादा" म्हणून नवीन राउटर, ९,५००. मग भिंती जाड आहेत म्हणून वाय-फायचे दोन बूस्टर, ६,४००. मग सर्व्हरची डिस्क स्लो म्हणून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, ५,६००. वर वर्षाचं मेंटेनन्स, ७,०००. एकूण ३२,७४०. आणि वेग जिथल्या तिथे.

एक क्षण डोक्यातून जात नाही. लॅपटॉप राउटरला चिकटवून ठेवला होता आणि कॉपीचा आकडा सेकंदाला ११.२ एमबी (मेगाबाइट). हॉलच्या टोकाला नेला, तरी ११.२. आलेख पट्टीने आखल्यासारखा सरळ! वाय-फाय असं कधी वागत नाही, ते जागेनुसार वरखाली होतं. आकडा ११-१२ वर अडकून बसला की समजायचं, मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे. आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागा, १२.५ येतात, थोडं इकडेतिकडे जातं. मी त्याला विचारलंही होतं, आकडा हलत का नाही? त्याने मोबाइलवर इंटरनेटची स्पीड टेस्ट लावली, ९४ मेगाबिट दाखवले आणि म्हणाला, "लाइन एकदम कडक आहे, टेन्शन घेऊ नका." माझा इंटरनेटचा प्लॅनच १०० मेगाबिटचा. इंटरनेटचा वेग वेगळा आणि आपल्याच दोन खोल्यांमधला वेग वेगळा, हे कॅमेरा चालवणाऱ्या माणसाने कुठून शिकायचं? त्यासाठीच तर त्याला पैसे दिले होते.

इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने स्वतःची वायर आणून लॅपटॉप थेट सर्व्हरला जोडला. सेकंदाला ११० एमबी! मग त्याने भिंतीतून येणाऱ्या केबलचा प्लग काढून माझ्या हातात दिला. पारदर्शक प्लास्टिकमध्ये आठ वायरी हव्यात, होत्या चार: केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी मागेच वळवून कॅमेऱ्याच्या प्लगला लावलेली. म्हणजे केबल एकच ओढली आणि पैसे दोन केबलचे घेतले! गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटच्या वेगाला, आठही वायरी लागतात. त्या असत्या तर राउटर, बूस्टर, एसएसडी, कशाचीच गरज नव्हती. प्लग त्यानेच बसवले होते, त्यामुळे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. "चोरी झाली का? मग हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे म्हटल्यावर साहेब म्हणाले, कॉम्प्युटरचं प्रकरण सायबरला न्या. सायबरवाले म्हणाले, पैसे ऑनलाइन पळवले नाहीत, ठाण्यात जा. प्लग दाखवला तर कोणी हातातसुद्धा घेतला नाही. वर मलाच प्रश्न, "पक्कं बिल का नाही घेतलं?" अहो, यूपीआयचे सगळे व्यवहार मोबाइलमध्ये आहेत, त्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशोब आहे, अजून काय पाहिजे? साधा तक्रार अर्ज घेऊन पोच द्यायलासुद्धा यांचा हात जड होतो. कर भरायचा आम्ही आणि हेलपाटेही आम्हीच मारायचे.

पैसे देण्याआधी दोन्ही टोकांचे प्लग उजेडात धरून वायरी मोजा. विंडोजमध्ये लॅन (वायरच्या) जोडणीचा वेग उघडून बघा, गिगाबिटच्या कामात १०० दिसले तर पैसे देऊ नका. राउटरवर वाय-फायचा वेग १२०० लिहिलेला असला तरी मागचे वायरचे पोर्ट १०० चेच असू शकतात, खोका नीट वाचा. जुना राउटर "एक्स्चेंज"मध्ये देऊ नका. माझा चांगला राउटर तसाच गेला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. दोन्ही प्लग वायरीसकट कापून पाकिटात ठेवलेत, तक्रारीला जोडणार. जुळे सोलापूरच्या एका दवाखान्यात सध्या हाच माणूस वायरिंग करतोय असं कळल्यावर तिथल्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी त्याचं बिल थांबवून ठेवलंय.